माझ्या बडग्याला माझी हरकत नाही

माझा पुतळा जाळायचं गल्लीत ठरलं, तेव्हा ती बातमी सगळ्यांत शेवटी मला कळली. जाळण्याचं इतकं वाईट वाटलं नाही, जितकं शेवटी कळण्याचं वाटलं. घरात इंदुताईला ठाऊक होतं, दूधवाल्याला ठाऊक होतं, आणि दूधवाल्याच्या म्हशीनं त्या सकाळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून तिच्याही कानावर काहीतरी गेलं असावं. इंदुताई म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. मी काहीच म्हणत नाही, नुसतं ऐकतो.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडा खुलासा करतो. नागपूरकरांनी तेवढ्यात चहा ठेवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे गावची पीडा नेणारी भल्यामोठ्या बाईची मूर्ती, निघते आणि तिच्याबरोबर बडगे. बडग्या म्हणजे बांबू, तणस, कागद आणि राग यांचा बनवलेला अवाढव्य पुतळा. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा, रस्त्यानं मिरवायचा, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं घसा फुटेस्तोवर ओरडायचं आणि शेवटी मैदानात नेऊन पेटवून द्यायचा. कोणी महागाईचा करतं, कोणी भ्रष्टाचाराचा, कोणी डेंग्यूच्या डासाचा. आमच्या गल्लीनं यंदा माझा करायचं ठरवलं होतं. म्हणजे महागाई, भ्रष्टाचार आणि डास या तिघांना मागे टाकून मी आलो होतो. गुणवत्तेवर आयुष्यात मिळालेलं हे माझं पहिलंच यश.

माझा गुन्हा कोणता, तर खिलाडूवृत्ती. मी स्वतः जन्मात एकही खेळ खेळलेलो नाही, त्यामुळे माझी खिलाडूवृत्ती अगदी कोरी करकरीत राहिली आहे. वापरली की वस्तू झिजते. म्हणून मी ती स्वतः न वापरता दुसऱ्यांना वाटत आलो. आमच्या गल्लीतल्या चंद्रभानच्या पोराच्या लग्नात घोडी उधळली आणि नवरदेवाला घेऊन तिसऱ्याच मंगल कार्यालयासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा मी चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “खिलाडूवृत्तीने घे. तिथली पोरगीही चांगली असेल.” शेजारच्या शामलाबाईंची वर्षाची लोणच्याची बरणी माकडानं गच्चीवरून खाली टाकली, तेव्हा म्हणालो, “खिलाडूवृत्तीने घ्या. माकडाचाही नेम चुकतो कधी कधी.” चंद्रभानच्या कूलरच्या दुकानात भर मे महिन्यात नेमका कूलर बंद पडून दोन गिऱ्हाईकं भोवळ येऊन पडली, तेव्हाही मी तिथंच होतो. काय म्हणालो ते आता तुम्हीच ओळखा.

तर हाच चंद्रभान बडग्या मंडळाचा अध्यक्ष. एका संध्याकाळी तो दोन-चार पोरं घेऊन दारात उभा राहिला.

“काकाजी, एक सही पाह्यजे होती.”

“कशावर?”

“तुमाले जाळायचं हाये न.”

त्याच्या आवाजात इतका आदर होता की मी बसायला खुर्ची दिली.

“पोलिसवाले म्हन्ते,” तो म्हणाला, “जित्त्या मानसाचा बडग्या असंल तं त्याचं ना-हरकत लागते. मी म्हनलं, बाबारावकाकाजी काहून नाही देनार? थे तं खिलाडू मानूस हायेत.”

पाहा आता. रागावलो असतो तर गल्ली म्हणाली असती, हीच का ती खिलाडूवृत्ती? न रागावलो तर जळणार. मी हसलो. ते हसू मग मला मारबतीच्या दिवसापर्यंत उतरवता आलं नाही. रात्री दातांच्या कवळीसारखं वाटीत काढून ठेवायची सोय असती तर गालांना आराम तरी मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिस ठाण्यात परवानगीच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला.

“बडग्या कोन?”

“मी.”

“तुमाले हरकत?”

“नाही.”

“काहून नाही?”

“खिलाडूवृत्ती.”

साहेबांनी त्यासाठी रकाना शोधला, सापडला नाही, तेव्हा ‘इतर’ मध्ये टाकलं. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “जिवंत असल्याचा पुरावा?”

“साहेब, मी तुमच्या समोर उभा आहे.”

“उभे तं पुतळे बी राह्यते.”

निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात निघतो आणि आम्ही होतो भाद्रपदाच्या तोंडावर. गेल्या नोव्हेंबरचा दाखवला तर साहेब म्हणाले, “तेव्हा असान.” शेवटी रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि दाखला कशासाठी हवा म्हणून विचारलं. चंद्रभान म्हणाला, “जाळायचं हाये.” डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. या वेळी ठोके वाढलेले निघाले. तरी भला माणूस, लिहून दिलं: ‘सदर इसम जिवंत असून अपेक्षित कामास योग्य आहे.’

मग खिडकीतल्या साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला: ‘माझ्या बडग्याच्या मिरवणुकीस व दहनास माझी कोणतीही हरकत नाही व पुढेही राहणार नाही.’ खाली झोकदार सही केली. सही करताना माणसानं वाचावं असं सगळे सांगतात. मी तर लिहिलंही मीच होतं. तरी वाचलं नाही.

बडग्या घडवायचं काम संघपालकडे होतं. संघपाल दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि अख्ख्या नागपुरात तोंडाळपणात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं मला आमच्याच ओट्यावर बसवलं आणि मापं घ्यायला लागला.

“हासा, काकाजी.”

मी हसलो.

“हे नाही जी. हे तं फोटोतलं झालं. थे दुसरं हासा, जे लोकायचं नुसकान झाल्यावर हासता.”

मी तेही हसलो. पोरं म्हणाली, “हौ, हेच! हेच!” आणि संघपालनं घाईनं कागदावर उतरवून घेतलं. शेजारीपाजारी जमले. प्रत्येकाला माझ्याबद्दल इतकी बारीक माहिती होती हे मला नवीन होतं. शामलाबाई म्हणाल्या, कान असे बाहेर पाहिजेत, सुपासारखे. कोणी म्हणालं, मान थोडी आखडलेली दाखव. इंदुताई खिडकीतून पाहत होती. मला वाटलं, आता ही माझी बाजू घेईल.

“संघपाल,” ती म्हणाली, “पोट आनखी पुढे घे रे. लाजू नको.”

पुढे पुढे मलाही चेव आला. पुतळ्याला त्यांनी गोणपाटाचा सदरा शिवलेला पाहून मी आतून माझं राखाडी जाकीट आणलं, तेही इस्त्री करून. म्हटलं, दहन माझं आहे, चुरगळलेलं नको. संघपालनं मधोमध उसवून चारी बाजूंनी कापड जोडलं आणि त्या देहाला ते घातलं. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन देखरेखीला उभा. नाक दोनदा बदलायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा संघपाल म्हणाला, “काकाजी, बडग्या जाळाले नेऊन राह्यलो का पोरगी पाह्याले?”

या सगळ्यात एकच माणूस खंगत चालला होता. मारोतराव. आमचे समोरचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते पहाटे गच्चीवर भोंगा लावून स्वतःच्या आवाजात भजनं म्हणतात. एक दिवस ते माझ्याजवळ येऊन बसले. डोळे भरलेले.

“बाबाराव, मी का कोनी नाही का गा?”

“असं का म्हणता?”

“इतकी वर्सं भोंगा लावून राह्यलो. झोपा मोडल्या, लेकरायच्या परीक्षा बुडवल्या. कोनाले काही वाटतच नाही? तुमचा बडग्या होते अन् माझा काहून नाही होत?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भोंग्याचा आवाज दुप्पट केला, तोंड थेट मंडळाच्या मंडपाकडे वळवलं. तरी कोणी दखल घेईना. मी त्यांची पाठ थोपटून म्हणालो, “मारोतराव, खिलाडूवृत्तीने घ्या.”

ते मंडपात बसलेल्या संघपालनं ऐकलं, ब्रश उचलला आणि हे दोन शब्द हातभर उंच अक्षरांत माझ्या बडग्याच्या छातीवर लिहून टाकले.

बडग्या पुरा झाला तेव्हा त्याचं डोकं बरोबर आमच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत आलं. डोळे उघडले की समोर मी, माझ्याहून तिप्पट, लोकांच्या नुकसानीवरचं हसू हसत. दात घासताना मी, दाढी करताना मी. पण खरं आश्चर्य पुढेच होतं. इंदुताई त्याच्याशी बोलायला लागली. भाजी निवडता निवडता खिडकीशी बसायची आणि त्याला सगळं सांगायची: गुडघ्याचं दुखणं, पारशिवनीच्या बहिणीचं भांडण, फुटलेला नळ. मी म्हटलं, अगं, मी इथं बसलोय.

“तुम्ही मधात बोलता,” ती म्हणाली. “याईले सांगतलं तं हे आयकून घेते.”

मारबतीचा दिवस उजाडला आणि पहाटेच पावसानं झोडपलं. धड ताडपत्रीखाली होतं, ते वाचलं. डोकं उघड्यावर होतं. सकाळी पाहतो तर रंग ओघळून हसू हनुवटीखाली लोंबत होतं, भुवया गालांवर आल्या होत्या आणि दोन्ही डोळ्यांतून काळ्या धारा जाकिटावर. माझा बडग्या ढसाढसा रडत होता.

चंद्रभान मटकन खाली बसला. “रडका खिलाडू कसा न्यायचा, बाप्पा? लोकं म्हन्तीन, याईले बडग्या बी धड करता येत नाही.”

संघपाल पुतळ्याभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

“डोकं तं हाये न आपल्यापाशी,” तो म्हणाला. “ओरिजिनल.”

तुम्हाला खोटं वाटेल. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, तो माझ्याहून फुगवून सांगेल. त्यांनी रडकं डोकं उतरवून आमच्या गच्चीत ठेवलं, पुतळ्याच्या पोटात शिडी बांधली, शिडीवर पाट ठोकला आणि मला आतून वर चढवलं. गळ्याच्या भोकातून माझं डोकं बाहेर आलं. एवढ्या देहावर माझं डोकं म्हणजे भोपळ्यावर ठेवलेलं लिंबू. गळ्यापाशी तारेनं आवळलं. खालून इंदुताईनं हाक दिली, “मफलर देऊ का? वर हवा असंल.”

मिरवणूक निघाली आणि मी हसायला लागलो. मंडळानं बजावलं होतं, काहीही झालं तरी हसू पडता कामा नये. गल्लीची इज्जत आता माझ्या दोन गालांवर होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस. मारोतरावांना माइक मिळाला होता. बडग्या झाला नाही तर नाही, भोंगा तर मिळाला, म्हणून ते बेफाम सुटले होते.

“फुकटचा उपदेश!” ते ओरडत.

“घेऊन जा गे मारबत!” लोक ओरडत. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, हे वरून मला स्पष्ट ऐकू येत होतं. तिच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

ज्या लोकांना मी जन्मात कधी उपदेश केला नाही ते मुठी नाचवून मला शिव्या देत होते. एकानं भुईमुगाच्या शेंगा मारल्या. कडेवर नातू घेतलेली एक आजी म्हणाली, “पाह्य, पाह्य, कसं खरंच वाटते! डोये बी मिचकवते!” मी हसत होतो. नाकावर माशी बसली, हसत होतो. धरमपेठेचे माझे व्याही गर्दीत दिसले, त्यांनी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं, तरी मी हसत होतो. खिलाडूवृत्तीचा एवढा मोठा सामना कोणी खेळला असेल तर मला दाखवा.

चौकात परीक्षकांचं स्टेज होतं. सगळे बडगे रांगेत उभे राहिले आणि निकाल पुकारला गेला. दुसरं बक्षीस: खिलाडूवृत्ती बडग्या.

आमची गल्ली नाचायला लागली. मी मान वळवता येईल तेवढी वळवून विचारलं, “आणि पहिलं?”

पहिलं मागच्या गल्लीच्या ‘रस्त्यावरचा खड्डा’ या बडग्याला. मी त्यांच्या गाडीकडे पाहिलं. गाडीवर काहीच नव्हतं. नुसत्या फळ्या, आणि फळ्यांच्या मधोमध एक भोक. परीक्षक माइकवर सांगत होते की किती अर्थपूर्ण आहे, किती कमी साधनांत केलं आहे.

माझ्या आत कुठंतरी काहीतरी तुटलं. मी आधी समजलो शिडी असेल. पण शिडी शाबूत होती.

“पक्षपात!” मी ओरडलो. “अरे, भोक आहे ते! नुसतं भोक! मी इथं सकाळपासून जिवंत उभा आहे, दाखल्यासकट! नाक तीनदा केलंय! जाकीट माझं स्वतःचं आहे! लोकांना विचारा, कोण जास्त छळतो, ते भोक की मी? शामलाबाई, सांगा! चंद्रभान, घोडीचं सांग त्यांना! अपील! फेरतपासणी!”

गर्दीला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटात आमची अख्खी गल्ली, मंडळाची पोरं, शामलाबाई, माइकसकट मारोतराव, सगळे एका सुरात ओरडले:

“खिलाडूवृत्तीने घ्या!”

“खड्ड्यात गेली तुमची खिलाडूवृत्ती!” मी म्हणालो. माइक जवळच असल्यामुळे ते चौकभर ऐकू गेलं.

बडग्या मैदानात पोचला तरी मी खाली उतरायला तयार नव्हतो. म्हणालो, पहिला नंबर मिळाल्याशिवाय या देहातून हलणार नाही. इतर बडगे एकेक करून पेटत होते. ते भोकसुद्धा जळलं, फळ्या होत्या म्हणून. संघपाल पोटातून माझे पाय ओढत होता आणि मी लाथा झाडत होतो. चंद्रभान हात जोडून म्हणत होता, “काकाजी, तुम्ही उतरल्याबिगर पीडा कशी जाईन?”

तेवढ्यात बंदोबस्तावर असलेले ते परवानगीच्या खिडकीतले साहेब आले. त्यांनी वर पाहिलं, मग कागद काढून शांतपणे वाचला.

“दहनास कोनतीही हरकत नाही व पुढेही राहनार नाही. अक्षर तुमचंच न?”

“हो, पण...”

“जिवंत असल्याचा दाखला बी लावला हाये. कागद सगळे बरोबर हायेत,” ते चंद्रभानला म्हणाले. “लावा काडी.”

मी तरीही उतरलो नाही, इतका माझ्यावर अन्याय झाला होता. मग गर्दी बाजूला सारत इंदुताई पुढे आली. कंबरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं.

“हरले न तुम्ही?”

मी जळून गेलेल्या भोकाकडे पाहिलं.

“हरले तं रडा बाप्पा. कोन नाही म्हन्ते? पन खाली येऊन रडा. वर तुमचं नाक पुसाले मले येता येत नाही.”

आजवर मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मी उतरलो. माझ्यामागे जाकीट भडकन पेटलं. ते पाहून मी रडलो. जाकीट चांगलं होतं.

घरापर्यंत मी परीक्षकांना, त्यांच्या वाडवडिलांना आणि मागच्या गल्लीला नावं ठेवत आलो. इंदुताई मधून मधून “हौ न,” “पाह्य बरं,” एवढंच म्हणत होती. घरी पोचलो तर गल्ली जमलेली. शामलाबाईंनी तर्री-पोहे आणले होते. मी मनातून तयार होतो. आता म्हणतील, ‘खिलाडूवृत्तीने घ्या’, वाजवून परतफेड करतील. पण चंद्रभान म्हणाला, “लय अन्याय झाला, काकाजी. भोकाले नंबर देते का कोनी?” संघपाल म्हणाला, “त्याईले कलाच समजत नाही.” मारोतराव म्हणाले, “तुमच्याहून जास्त तरास या शहरात कोनी देला असंल तं मी भोंगा इकून टाकतो.” अन्याय झाला असं चारजण सोबत बसून म्हणाले की पोह्याला जी चव येते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतली. दोनदा वाढून घेतलं.

मारबत पीडा घेऊन जाते की नाही यावर विद्वानांचे वाद आहेत. मी अनुभवाचं सांगतो. त्या दिवसापासून कोणाचं नुकसान झालं की मी सवयीनं तोंड उघडतो, ‘खि’ म्हणतो, आणि अख्खी गल्ली ओरडते, “भोक!” पुढचं मला बोलता येत नाही. जी पीडा न्यायला सांगितली होती नेमकी तीच गेली. मारोतरावांनी आता उपदेश करायला सुरुवात केली आहे. पुढच्या वर्षीवर त्यांची नजर आहे.

राहिलं ते पावसात भिजलेलं डोकं. जळालंच नाही, कारण त्याच्या जागी मी गेलो होतो. इंदुताईनं ते गच्चीवरून आणून खिडकीत टांगलं आहे. लोकांना सांगते, घराला नजर लागू नये म्हणून. भाजी निवडताना ती अजूनही त्याच्याशीच बोलते. परवा मी चहा मागितला तर त्याला म्हणाली, “पाह्यलं का, माहा गुडघा ठनकून राह्यला अन् याईले चहा पाह्यजे.” आणि ते ओघळलेलं तोंड तिच्याकडे असं पाहत होतं, जणू गुडघा त्याचाच दुखतोय.

मला तसं तोंड करता येत नाही. रोज दाढी करताना आरशात सराव करतो. त्या भोकाची आठवण काढली की बऱ्यापैकी जमतं.